पोर्क रिब्ज घरी: मुरवायच्या कशा आणि भाजायच्या कशा

रिब्ज चिवट झाल्या की लोक पहिला दोष मॅरिनेडला देतात. मग पुढच्या वेळी व्हिनेगर वाढवतात, लिंबू पिळतात, दोन-दोन दिवस फ्रिजमधे मुरवत ठेवतात आणि तरी चिवटच. कारण मऊपणाचा आणि मॅरिनेडचा संबंध तसा थोडाच आहे. बरगड्यांच्या मांसात कोलॅजन भरपूर असतं, म्हणजे ते चिवट पांढरट धागे, आणि त्यांचं मऊ जिलेटिन व्हायला मंद आच आणि बराच वेळ लागतो, प्रेशर कुकर सोडला तर त्याला दुसरा इलाज नाही. मॅरिनेड वरच्या काही मिलिमीटरच्या आत जातच नाही, मीठ तेवढं हळूहळू खोल उतरतं. त्यामुळे आधीच डोक्यात पक्कं करा की मॅरिनेड चवीसाठी आणि आच मऊपणासाठी, एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलात की घोळ होतो.

आधी खरेदी. दुकानात साधारण दोन प्रकार दिसतात. बेबी बॅक म्हणजे पाठीच्या कण्याजवळच्या बरगड्या, आखूड, वाकड्या, चरबी कमी, लवकर शिजतात, एक पट्टी साधारण 700 ग्रॅम ते 1 किलो भरते आणि दोघांना पुरते. स्पेअर रिब्ज म्हणजे खालच्या पोटाकडच्या, लांब, चपट्या, चरबी जास्त, वेळ जास्त लागतो पण चव माझ्या मते यांनाच जास्त. याच स्पेअर रिब्जचं छातीच्या हाडाकडचं कुरकुरं टोक आणि लोंबणारे तुकडे काढून चौकोनी केल्या की त्याला सेंट लुईस कट म्हणतात, भाजायला सगळ्यात सोपा कारण जाडी सगळीकडे सारखी. पहिल्यांदाच करत असाल तर बेबी बॅक घ्या, आणि घेताना मांसाच्या बाजूने बघा, हाडं उघडी दिसत असतील तर ती पट्टी ठेवून द्या, कापणाऱ्याने मांस जास्त खरवडलंय असा अर्थ, आणि उघडं हाड भाजताना सैल होऊन निघून येतं. पाकीटबंद असेल तर लेबल वाचा, कधीकधी आधीच मिठाचं पाणी टोचलेलं असतं, तसं असेल तर पुढे सांगितलेलं मीठ निम्म्यावर आणा. फ्रोजन आणलं असेल तर आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून बर्फ उतरू द्या, ओट्यावर ठेवून नाही.

नळाखाली धुवायचं नाही. धुतल्याने जंतू जात नाहीत, उलट शिंतोडे सिंकभर आणि आजूबाजूच्या भांड्यांवर उडतात. पेपर टॉवेलने टिपून कोरडं करा, बास.

आता पापुद्रा, जो बरेच लोक तसाच ठेवतात. पट्टी उलटी केली की हाडांच्या बाजूला एक पातळ, चकचकीत, पांढरट पडदा चिकटलेला दिसतो. तो शिजून मऊ होत नाही, प्लॅस्टिकसारखा दाताखाली येतो आणि त्या बाजूने मसालाही आत लागू देत नाही. एका टोकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या हाडावर, पडद्याच्या खाली लोणी लावायच्या बोथट सुरीची पात सरकवायची, जरा वर उचलायचं, बोट जाईल एवढी जागा झाली की पेपर टॉवेलने ते टोक घट्ट पकडायचं (नुसत्या हाताने निसटतं) आणि सरळ ओढत न्यायचं. नशीब चांगलं असेल तर अख्खा एका दमात येतो, नाहीतर तीन-चार तुकड्यांत. अगदीच निघत नसेल तर सुरीच्या टोकाने त्यावर तिरक्या रेघा मारून ठेवा, पूर्ण काढल्यासारखं होत नाही पण चालतं. कापून देणाऱ्यालाच सांगितलं तर तोही काढून देतो, लाजू नका. वरच्या बाजूची चरबी सगळी खरवडून काढायची नाही, फक्त जाड गोळे असतील तेवढेच काढा कारण ते पूर्ण वितळत नाहीत आणि निखाऱ्यावर टपकून भडका मात्र उडवतात.

मॅरिनेड साधंच पुरतं. दीड किलो रिब्जसाठी 4 टेबलस्पून सोया सॉस, 2 टेबलस्पून तेल, 2 टेबलस्पून व्हिनेगर, 1 टेबलस्पून मस्टर्ड पेस्ट, 1 टेबलस्पून ब्राऊन शुगर, लसणाच्या 7-8 पाकळ्या आणि इंचभर आलं वाटून, 2 चमचे पाप्रिका किंवा कमी तिखट मिरची पूड, 1 चमचा भरड काळी मिरी आणि 1 सपाट चमचा मीठ. मिठाचा हिशोब असा, की हाडासकट वजनाच्या साधारण 1 टक्का मीठ बसतं, म्हणजे दीड किलोला 15 ग्रॅम, त्यातलं 9 ग्रॅमच्या आसपास सोया सॉसमधूनच येतं, उरलेलं त्या चमच्यातून. सोया सॉस नको असेल तर मीठ अडीच-तीन चमचे करा. एवढा एक हिशोब समजला की बाकी मसाले तुमच्या मनाने बदला, काही बिघडत नाही.

साखर मुद्दाम कमी ठेवली आहे. साखर, मध, केचप यांतलं काहीही सुरुवातीला जास्त घातलं तर आतलं मांस शिजायच्या कितीतरी आधी बाहेरून काळं होतं आणि कडू लागतं. गोड भाग शेवटच्या सॉससाठी राखून ठेवायचा.

आंबटही जपून. व्हिनेगर किंवा लिंबाने वरचा थर आधी जरा सैल होतो आणि जास्त वेळ राहिला की पिठूळ होतो, आतलं मांस मात्र होतं तसंच राहतं. म्हणजे दोन्हीकडून तोटा. अननस, पपई, किवी यांच्यात प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात, ती तर आणखी जोरदार, ताजा रस घातला तर तास-दोन तासांच्या वर ठेवू नका. डब्यातल्या अननसाने हे होत नाही कारण डबाबंद करताना गरम केल्यामुळे एन्झाइम मेलेलं असतं, तो घातला तर फक्त गोडी येते.

मिश्रण केलं की त्यातलं अर्धी वाटी आधीच वेगळं काढून फ्रिजमधे ठेवा, मांसाला लावायच्या आधी, हे महत्त्वाचं. भाजताना ब्रशने लावायला तेच वापरायचं. ज्यात कच्चं मांस बुडलं होतं ते मॅरिनेड नंतर वरून लावायचं असेल तर आधी चांगलं खळखळून उकळायला हवं, नाहीतर सरळ सिंकमधे ओता. पट्ट्या भांड्यात मावत नसतील तर मधून दोन तुकडे करा, झिप बॅगेत घालून हवा काढून टाकली तर कमी मॅरिनेडमधे सगळीकडे लागतं. भांडं काचेचं किंवा स्टीलचं, अॅल्युमिनियमचं नको, आंबट पदार्थ त्याला खातो आणि चव बिघडते. फ्रिजमधे खालच्या कप्प्यात, म्हणजे ठिबकलं तरी दुसऱ्या खाण्यावर पडणार नाही. कमीत कमी 4 तास, रात्रभर ठेवलं तर उत्तम, मधे एकदा उलटवा. 24 तासांच्या पुढे ठेवून काही मिळत नाही.

कोणी म्हणेल ओलं मॅरिनेड कशाला, कोरडा मसालाच चोळतो. चोळा की. अमेरिकेत मेम्फिसकडे कोरड्या मसाल्याच्याच रिब्ज प्रसिद्ध आहेत. मिठाचं प्रमाण तेवढंच ठेवायचं आणि मुरायला वेळ तेवढाच द्यायचा, फरक एवढाच की वरची साल जास्त खरपूस येते.

भाजायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, निथळवा, लसणाचे आल्याचे कण बोटांनी पुसून टाका कारण सगळ्यात आधी तेच करपतात, आणि वरून टिपून कोरडं करा. इथे लोकांना वाटतं की सगळा मसाला पुसून जाईल, तसं काही होत नाही, लागायचं ते लागलेलं असतं. ओलं मांस ठेवलं तर आधी ते पाणी उडण्यात वेळ जातो आणि रंग येत नाही.

आता आच. खरी गंमत इथेच आहे त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

झाकणवाली कोळशाची ग्रिल असेल तर सगळे निखारे एका बाजूला लोटायचे, दुसऱ्या बाजूला खाली एक अॅल्युमिनियमचा ट्रे ठेवून त्यात दोन-तीन कप पाणी ओतायचं, चरबी त्यात पडते आणि आच जरा स्थिर राहते. रिब्ज ठेवायच्या त्या पाण्याच्या बाजूला, निखाऱ्यांवर नाही, हाडांची बाजू खाली. झाकण असं लावायचं की वरचं भोक मांसाच्या डोक्यावर येईल, म्हणजे गरम हवा आणि धूर मांसावरूनच बाहेर जातो. खालचं भोक कमी-जास्त करून आच सांभाळायची, वरचं कायम थोडं तरी उघडं. झाकणाखाली 110 ते 135 अंश सेल्सियस एवढं तापमान हवं. झाकणावरचा काटा बऱ्याचदा खोटं बोलतो, कारण तो मांसापासून लांब, वरच्या गरम हवेत असतो, त्यामुळे जाळीवर ठेवायचा एखादा साधा थर्मामीटर असेल तर बरं. काहीच नसेल तर मांसाच्या बाजूला जाळीच्या वर वीतभर अंतरावर तळहात धरा, 8-10 सेकंद सहज धरवला तर आच बरोबर, 4 सेकंदांत ओढून घ्यावा लागला तर खूप जास्त.

कोळसा पेटवायला रॉकेल किंवा तसलं काही ओतू नका, मांसाला वास लागतो. कोळसे वरून राखाडी होईपर्यंत थांबा. मग तासाभराने मूठभर मूठभर नवे कोळसे घालत राहायचं, शक्यतो दुसरीकडे पेटवून. धुराची चव हवी असेल तर सफरचंद, चेरी किंवा हिकरीच्या लाकडाचे दोन-तीन तुकडे निखाऱ्यावर ठेवायचे, पहिल्या दीड-दोन तासांतच, नंतर धुराने फारसा फरक पडत नाही. चिप्स, म्हणजे लाकडाचे बारीक छिलके वापरत असाल तर ते पाण्यात भिजवायच्या फंदात पडू नका, पाणी लाकडात फार शिरतच नाही, आधी नुसती वाफ निघते आणि धूर उशिरा येतो. धूर पातळ निळसर असेल तर छान, पांढरा दाट निघत असेल तर लाकूड नीट पेटलेलं नाही आणि मांस कडवट होणार, जरा हवा सोडा.

गॅसची ग्रिल असेल तर आणखी सोपं, एका टोकाचा बर्नर चालू, बाकी बंद, रिब्ज बंद बाजूला. चिप्स फॉइलच्या पुडीत बांधून, पुडीला चार भोकं पाडून पेटत्या बर्नरवर ठेवा.

आणि एक गोष्ट ठामपणे: कोळशाची कुठलीही शेगडी घरात, बंद बाल्कनीत, गॅरेजमधे पेटवायची नाही, खिडकी उघडी असली तरी नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, रंग नसतो आणि माणसं त्याने मरतात. विझत आलेल्या निखाऱ्यांतूनही तो निघतच असतो, त्यामुळे जेवण झालं म्हणून शेगडी आत आणून ठेवू नका.

एकदा झाकण लावलं की झाकण. दर दहा मिनिटांनी उघडून बघण्याची सवय सोडा, प्रत्येक वेळी सगळी उष्णता बाहेर जाते आणि वेळ वाढत जातो. तासाने एकदा उघडा, कोरडं वाटलं तर बाजूला काढलेलं मॅरिनेड ब्रशने लावा, पट्ट्यांची जागा बदला म्हणजे एकच टोक निखाऱ्याजवळ राहणार नाही, आणि बंद. बेबी बॅकला साधारण 3 ते 4 तास, स्पेअरला 5 ते 6 धरा. वाऱ्यात आणि थंडीत आणखी.

दीड-दोन तासांनी रंग छान आला की फॉइलमधे गुंडाळायचं की नाही यावर बार्बेक्यूवाल्यांची कायमची भांडणं आहेत. कारण असं, की मांस 65-70 अंशांच्या आसपास पोचलं की आतलं पाणी वर येऊन उडायला लागतं आणि घाम येऊन अंग गार पडावं तसं होतं, तापमान तासभर तिथेच अडकून राहतं. फॉइलमधे दोन-तीन चमचे सफरचंदाचा रस किंवा पाणी घालून घट्ट गुंडाळलं तर हा वेळ वाचतो आणि मांस मऊ होतं, पण साल ओली होते. स्पेअरसाठी 3-2-1 म्हणून एक ठोकताळा आहे, 3 तास उघडं, 2 तास फॉइलमधे, 1 तास परत उघडं सॉस लावून, बेबी बॅकला 2-2-1. माझ्या मते फॉइलमधले दोन तास बेबी बॅकला जरा जास्तच होतात, एक ते सव्वा तास पुरे, नाहीतर हाड हातात आणि मांस ताटात.

झालं कसं ओळखायचं? डुकराचं मांस सुरक्षित व्हायला 63 अंश आणि वर 3 मिनिटं थांबणं पुरेसं असतं, पण रिब्ज 63 ला काढल्या तर चामडं चावल्यासारखं होईल. त्यांना 90 ते 95 अंशांपर्यंत न्यावं लागतं तेव्हा कोलॅजन विरघळतं. थर्मामीटर दोन हाडांच्या मधे घालायचा, हाडाला टेकला तर आकडा चुकतो. मला तर वाकवून बघणं जास्त भरवशाचं वाटतं: चिमट्याने पट्टी एका टोकाकडून तिसऱ्या हिश्श्यावर पकडून उचला, दुसरं टोक छान खाली लोंबलं आणि वरच्या सालीला भेग पडायला लागली की झालं. सरळ ताठ राहिली तर अजून अर्धा तास. उचलताच तुटली तर थोडी पुढे गेली, चव काही जात नाही, सुरी लागणार नाही एवढंच. हाडांची टोकं अर्धा-एक सेंटीमीटर उघडी पडतात तीही खूण आहे पण नुसत्या तिच्यावर जाऊ नका. आत कडेला गुलाबी कडं दिसलं म्हणून घाबरू नका, धुरातल्या वायूंमुळे तो रंग येतो, कच्चेपणा नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या स्पर्धांत तर मांस आपोआप गळून पडलं की ते जास्त शिजलेलं धरतात, चावलं तेवढंच सुटून यावं अशी अपेक्षा असते. घरी ज्याला जसं आवडतं तसं, आजी-आजोबांसाठी गळून पडणारंच बरं.

सॉस शेवटच्या 15-20 मिनिटांत. अर्धी वाटी केचप, 2 टेबलस्पून मध, 2 टेबलस्पून व्हिनेगर, 1 टेबलस्पून सोया सॉस, थोडी मिरची पूड, छोट्या पातेल्यात 8-10 मिनिटं उकळून घट्ट करून ठेवा. पातळ थर लावा, झाकण, सात-आठ मिनिटांनी दुसरा थर. एकदम जाड थापला तर वाळत नाही, नुसता घसरतो. शेवटी निखाऱ्यांच्या बाजूला नेऊन एकेका बाजूने मिनिटभर चटका द्या, पण तिथेच उभं राहून, हातात चिमटा घेऊन, फोन खिशात.

काढल्यावर दहा मिनिटं फॉइलखाली सैलसर झाकून ठेवा, मग पट्टी उलटी करून हाडांची बाजू वर ठेवून कापा, त्या बाजूने हाडं कुठे आहेत ते दिसतं.

मोठी ग्रिल नाही, झाकण नाही, एवढा वेळही नाही, तरी जमतं. ओव्हन 135-140 अंशांवर ठेवा, रिब्ज दुहेरी फॉइलमधे घट्ट गुंडाळून ट्रेमधे, बेबी बॅकला अडीच तास, स्पेअरला तीन-साडेतीन. मग फॉइल उघडून ग्रिलवर किंवा ओव्हनच्याच वरच्या कॉइलखाली सॉस लावून दोन्ही बाजूंनी पाच-सहा मिनिटं. पाहुणे यायचे असतील तर हीच पद्धत मी सुचवेन, कारण ओव्हनचा भाग आदल्या दिवशी उरकता येतो, थंड करून फ्रिजमधे ठेवलेली पट्टी जाळीवर तुटतही नाही, आणि पाहुण्यांसमोर नुसतं भाजण्याचं काम उरतं. मात्र फ्रिजमधली थंड पट्टी आधी मध्यम आचेवर झाकून आतपर्यंत गरम करा, मग सॉस. फॉइलमधे साठलेला रस टाकू नका, वरची चरबी काढून सॉसमधे मिसळा.

प्रेशर कुकर त्याहून झटपट. दोन-दोन हाडांचे तुकडे करून, तळाला कपभर पाणी, वर जाळी, पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर 18-20 मिनिटं, वाफ आपोआप जाऊ द्या. मग पुसून, सॉस लावून भाजा. पाण्यात बुडवून उकळू मात्र नका, सगळी चव पाण्यात जाते आणि तुम्ही ते पाणी ओतून देता. कुकरमधल्या रिब्जला धुराची चव येत नाही हे खरं, सॉसमधे थोडी स्मोक्ड पाप्रिका घातली तर निभतं.

भडका उडाला तर पाणी मारू नका, राख उडून मांसावर बसते आणि तेलाचे शिंतोडे अंगावर येतात. मांस बाजूला सरकवा, झाकण लावा, हवा बंद झाली की ज्वाळा बसते.

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमधे, तीन-चार दिवस छान राहतं. परत गरम करताना मायक्रोवेव्हमधे रबर होतं, त्यापेक्षा फॉइलमधे चमचाभर पाणी शिंपडून 130 अंशांच्या ओव्हनमधे 20-25 मिनिटं, आतून वाफाळेपर्यंत. नाहीतर थंड असतानाच हाडाच्या कडेने मांस सोडवून बारीक चिरा, अंड्यात, परतलेल्या भातात, सँडविचमधे, कशातही जातं, आणि राहिलेली हाडं कांदा आणि मिरी घालून तासभर उकळली की सूपचा स्टॉक तयार, फक्त त्याला वेगळं मीठ घालायच्या आधी चाखून बघा.